तेरावा महिना पचतो, मग एकसष्टावा सेकंद का नाही?

प्रति,
मा. संचालक व समस्त सभासद,
आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालय,
सेव्र, पॅरिसजवळ, फ्रान्स.

विषय : जादा सेकंद बंद करण्याच्या ठरावाला एका सासूची हरकत.

महोदय आणि महोदया,

सा. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, पण संबंध रोजचा आहे. भाजीवाल्याचं किलोचं वजन, शिंप्याच्या गळ्यातली टेप, मंगल कार्यालयाच्या बिलात तासावर लावलेला दर, कशाचंही मूळ शोधत गेलं की शेवटी तुमचं दार येतं. मी डोंबिवलीत राहते. शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवलं आणि दर जूनला 'मापन' या धड्याने सुरुवात केली. त्या धड्यात तुमचं नाव यायचं. मुलं ते पाठ करायची आणि जुलैत विसरायची. आता निवृत्त आहे, त्यामुळे हाताशी वेळ आहे, आणि तक्रारही वेळेबद्दलच आहे.

किलोच्या वेळी मी गप्प बसले होते. तुमच्या तळघरात 1889 पासून प्लॅटिनम-इरिडियमची एक छोटी दंडगोल लगड होती, तीन किल्ल्यांच्या बंदोबस्तात, आणि तिचं जे वजन तोच जगाचा किलो. (आमच्या सासूबाईंच्या कपाटाला एकच किल्ली होती, पण वचक तेवढाच.) शंभर वर्षांत ती आणि तिची भावंडं एकमेकांपासून सुमारे 50 मायक्रोग्रॅमने सरकली, म्हणून 20 मे 2019 पासून तुम्ही तिला पेन्शनीत काढलं आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, नेऊन बसवला. दिल्लीला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आमची 57 क्रमांकाची जुळी आहे, तिचाही मान त्याबरोबर उतरला. मी काही बोलले नाही. कांदे आहेत तेवढेच भरत होते.

सेकंदाचं तसं नाही. तिथे तुम्ही थेट आमच्या घरात शिरलात.

नोव्हेंबर 2022 मध्ये व्हर्सायला तुमची 27 वी महासभा भरली. पृथ्वीचं घड्याळ आणि अणूचं घड्याळ यांच्यात 0.9 सेकंदापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, तशी वेळ आली तर एक जादा सेकंद घालायचा, हा जुना नियम. ही मर्यादा 2035 पर्यंत किंवा त्याआधीच चांगली ऐसपैस वाढवायची, इतकी की निदान शंभर वर्षं कुणाला हात लावावा लागू नये, असा ठराव झाला. म्हणजे जादा सेकंद बंद.

मला हे कळलं ते आमच्या जावयांकडून. दिवस पक्का आठवतो, कारण समोर 33 अनारसे होते. 2023 चा अधिक श्रावण चालू होता. तबकात अनारसे, वर दिवा, बाजूला चांदीची वाटी, असं रीतसर वाण देऊन झालं होतं. आमचे जावई हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सहावा अनारसा मोडताना ते म्हणाले, "आई, एक चांगली बातमी वाचली होती, सांगायची राहिली. लीप सेकंद बंद होतोय. ब्याद गेली एकदाची."

मी तबकाकडे बघितलं. म्हटलं, "हे जे खाताय, ते कशाबद्दल मिळालंय?"

"अधिक महिन्याबद्दल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चंद्राचा हिशोब सूर्याशी जुळेना, म्हणून घातलेला जादा महिना."

"आणि तुमचा तो सेकंद?"

"पृथ्वीचा हिशोब अणूशी जुळेना, म्हणून घातलेला…" इथे ते थांबले. सातवा अनारसा मात्र थांबला नाही.

अख्खा तेरावा महिना ज्या माणसाला तुपासकट पचतो, त्याला एकसष्टावा सेकंद का पचू नये, हा माझा प्रश्न त्या दिवसापासून तसाच पडून आहे. जावयांना विचारून झाला. आता तुम्हाला विचारते.

पत्र खुलं आहे, शेजारच्याही वाचतील, म्हणून मागचा हिशोब थोडक्यात मांडते. तुम्हाला तो पाठ आहे, तेवढे परिच्छेद गाळलेत तरी चालेल. पूर्वी दिवस हे मूळ माप होतं आणि त्याचे 86,400 तुकडे केले की एक सेकंद मिळायचा. 1967 साली तुम्ही हे उलटं केलं. सीझियम-133 च्या अणूतून निघणाऱ्या ठरावीक लहरींची 9,19,26,31,770 आंदोलनं म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या झाली. अणू कंटाळत नाही, झिजत नाही, त्याला थंडीवारा बाधत नाही. सगळं उत्तम. पण हा नवा सेकंद बसवताना माप घेतलं होतं ते खगोलशास्त्रज्ञांच्या जुन्या नोंदींवरून, आणि त्या नोंदींतला दिवस साधारण 1820 च्या सुमाराचा निघतो. मध्यंतरी चंद्राने भरती-ओहोटीच्या घर्षणातून पृथ्वीला लगाम घालून ठेवला होता, दिवस किंचित लांबला होता. म्हणजे लहानपणी शिवलेला सदरा थोरपणी घातल्यासारखं झालं, पहिल्या दिवसापासून आखूड. 1972 च्या आसपास ही तूट दिवसाला दोन-तीन मिलिसेकंदांची होती. वर्ष-दीड वर्षात त्याचा एक सेकंद साचायचा.

त्यावर उपाय म्हणून 1972 पासून जूनच्या किंवा डिसेंबरच्या शेवटच्या मिनिटाला एक सेकंद जास्त द्यायची पद्धत पडली. घड्याळात 23:59:59 नंतर 23:59:60 आणि मग शून्य. 27 वेळा असं झालं. शेवटचा 31 डिसेंबर 2016 चा. त्यानंतर आजवर एकही नाही.

ती मध्यरात्र ग्रीनिचची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. 1 जानेवारी 2017 च्या त्या पहाटे मी अलार्म लावून उठले होते. मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावलं, चष्मा पुसला. आयुष्यात एकदा तरी 5:29:60 डोळ्यांनी बघायचं होतं. आमचे हे पांघरुणातून म्हणाले, "फुकटचा सेकंद मिळतोच आहे, तर दूध तापवून घे." म्हणून पातेलं गॅसवर ठेवलं. मोबाइलने 5:29:58 दाखवलं, 5:29:59 दाखवलं आणि सरळ 5:30:00. साठ आलाच नाही. नक्की कुठे गेला ते बघत मी उभी होते, तेवढ्यात मागे फस्स झालं. दूध उतू जायला एक सेकंद पुरतो, हे त्या दिवशी प्रयोगाने सिद्ध झालं. गॅसची शेगडी पुसायला मात्र वीस मिनिटं लागली, आणि त्यांचं माप तुम्ही कुठेच धरलेलं नाही.

तो सेकंद कुठे गेला, हे नंतर जावयांनी समजावलं. काही यंत्रं 59 वर दोन सेकंद उभी राहतात. काही मागे एक पाऊल टाकतात. काही मोठ्या कंपन्या तर तो सेकंद दुपारी 12 ते दुसऱ्या दिवशी दुपारी 12 असा 24 तासांवर पातळ पसरवतात, पोळीवर तूप पसरावं तसा. दर सेकंद साडेअकरा मायक्रोसेकंदांनी लांबतो आणि कुणाच्या जिभेला कळत नाही. गूगलने ही युक्ती पूर्वीच काढली. जीपीएसचे उपग्रह तर जादा सेकंद मोजतच नाहीत, म्हणून जीपीएसची वेळ तुमच्या समन्वित जागतिक वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. एका घरात चार चुली म्हणतात, ते हेच. (तरी नाव 'समन्वित'. इंग्रजांना सीयूटी हवं होतं, फ्रेंचांना टीयूसी. भांडण मिटवायला यूटीसी ठेवलं, जे दोन्ही भाषांत नीट लागत नाही. असा निवाडा आमच्या सोसायटीच्या सभेतही होतो.)

जावयांची बाजूही सांगते, नाहीतर सासूने एकतर्फी पत्र लिहिलं असं व्हायचं. 30 जून 2012 चा जादा सेकंद सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीतल्या एका चुकीवर नेमका बसला आणि जगभरच्या सर्व्हरना धाप लागली. रेडिट, लिंक्डइन अडखळले. ऑस्ट्रेलियात क्वांटास विमान कंपनीच्या प्रवाशांची चेक-इन यंत्रणा बसली आणि कर्मचारी हाताने कामं करत राहिले. 2017 च्या त्याच पहाटे क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये काळ मागे गेला, वजाबाकीत ऋण संख्या आली आणि प्रोग्रॅमने हात टेकले. लिहिणाऱ्याने काळ मागे जाऊच शकत नाही असं धरलेलं होतं. जावई म्हणाले, "आई, सुट्टीच्या दिवशी पहाटे फोन येतो हो." त्यात तथ्य आहे. पण शाळेत मी एक गोष्ट नेहमी सांगायची: पाढा चुकला तर पाढा सुधारायचा, गणित खोडायचं नाही.

आता अधिक महिन्याचं बघा. चंद्राच्या बारा महिन्यांचे सुमारे 354 दिवस, सूर्याच्या वर्षाचे 365 आणि वर थोडे. वर्षाला अकरा दिवसांची तूट. ती तशीच सोडली तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यात येईल आणि होळी थंडीत. म्हणून साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक महिना जास्त. नियम सुटसुटीत आहे: ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. त्रास तेव्हाही होताच. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण सुखाने जेवलेल्या माणसाने केलेली नाही. कणगीत बारा महिन्यांचं धान्य आणि पंचांगात तेरा महिने, हा सर्व्हर बसण्यापेक्षा मोठा प्रश्न होता.

मग काय केलं? कथा अशी आहे की या महिन्याला कुणी वाली नव्हता. बाकीच्या बारांना देवता होत्या, याला 'मलमास' म्हणून हिणवायचे. तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला आपलं नाव दिलं, पुरुषोत्तम मास. त्यानंतर लोकांनी त्याच्या नावाने दानं सुरू केली, धोंडे केले, जावयांना बोलावलं. जाळीदार वस्तू द्यायची म्हणून अनारसे आले, बत्तासे आले. जो महिना कुणाला नको होता, त्याची आता जावई वाट बघतात. आमचे तर पंचांग उघडत नाहीत, पण पुढचा अधिक कधी ते बरोबर सांगतात. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे पासून. 20 मे हा तुमचा जागतिक मापनशास्त्र दिन, 1875 साली 17 देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या तो, नेमका त्यात पडतो. ही योजना तुमची नसावी.

तुमच्या सेकंदालाही वाली नव्हता. त्याला कुणी नाव दिलं नाही, त्याच्या नावाने कुणी खडीसाखर वाटली नाही. पहाटे फोन आला की शिव्या तेवढ्या मिळाल्या.

यावर जावयांनी एक डाव टाकला तो चांगला होता. ते म्हणाले, "आई, डोंबिवलीत सूर्य सरासरीने मध्यान्हीला येतो 12 वाजून 38 मिनिटांनी. भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांची, आपण पश्चिमेला. जन्मभर 38 मिनिटांची चूक हातावर बांधून फिरता, आणि एका सेकंदासाठी पॅरिसला पत्र?"

याचं उत्तर आमच्या हॉलमधल्या घड्याळात आहे. ते दहा मिनिटं पुढे आहे. सासऱ्यांनी तसं लावलं, 8.14 ची लोकल चुकू नये म्हणून, आणि आम्ही ते तसंच ठेवलं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य आहे. प्रत्येक जण बघतो, मनात दहा वजा करतो आणि निवांत चहा घेतो. पण ते घड्याळ चुकीचं आहे असं कुणी म्हणत नाही. मात्र एका पावसाळ्यात ते आपणहून रोज थोडं पुढे जाऊ लागलं, आज दहा, पुढच्या आठवड्यात बारा, मग चौदा. तेव्हा यांनी त्याला तडक दुकानात नेलं. पुढे ठेवलेलं घड्याळ चालतं, पुढे जाणारं घड्याळ चालत नाही. डोंबिवलीची 38 मिनिटं ही ठेवलेली आहेत. तुम्ही 2035 नंतर जे करणार आहात ते जाणारं आहे.

आणि ती 38 मिनिटंसुद्धा आम्ही मुकाट्याने घेतलेली नाहीत. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. 1881 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ आणायचं ठरवलं, ती अर्ध्या तासाने पुढची. शहर बिथरलं. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर मुंबईचीच वेळ राहिली, तर सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला. घड्याळ चालेल, पण अंधारात! (हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवला. आईंना दिसत नव्हतं, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचं तर वेळ टोल्यांवरून कळावी, म्हणून, असं सांगतात. सूर्याशी बांधलेल्या घड्याळाचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.) 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून गिरण्यांवर दगड मारले. घड्याळ पुढे केलं म्हणजे भोंगा आधी वाजणार, आणि काळोखात घराबाहेर पडायचं त्यांना. शहरातली मुंबईची वेळ त्यानंतरही 1955 पर्यंत टिकली.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला फार वाटतं. कथेतला नायक काळयंत्रात बसतो, तबकडी फिरवतो आणि थेट 1935 च्या मुंबईत उतरतो, इथवर ठीक. पुढे तो बोरीबंदरला जाऊन नऊची पुण्याची गाडी पकडतो म्हणे. कशी पकडेल? शहराच्या घड्याळात नऊ वाजले तेव्हा रेल्वेच्या घड्याळात 9 वाजून 39 मिनिटं झालेली असणार. त्याची गाडी कल्याणच्या वाटेला लागलेली. काळाच्या प्रवासात खरा धोका आजोबांना चुकून मारण्याचा नसून फलाटावर उभं राहण्याचा आहे. आणि नायक फार काटेकोर असेल, 1971 मधून अणुघड्याळ घेऊन आज आला असेल, तर 27 जादा सेकंदांची यादी त्याच्या खिशात लागेल. परतीच्या वाटेवर ती वजा करायला विसरला की संपलं.

मीही काटेकोर होऊ शकते. आइन्स्टाइनच्या हिशोबाने उंचावरचं घड्याळ जलद चालतं. कळसूबाईच्या शिखरावर, 1,646 मीटरवर, ते समुद्रसपाटीपेक्षा दिवसाला सुमारे 15 नॅनोसेकंद पुढे जाईल. आमच्या चौथ्या मजल्यावर तळमजल्यापेक्षा वर्षाला 40 नॅनोसेकंद. लिफ्ट बंद असली की मला हा फरक त्याहून बराच मोठा वाटतो. म्हणजे 'सगळीकडे एकच वेळ' ही कल्पनाच मुळात सोयीची आहे. सोयीची म्हणून वाईट नाही. पण मग सोय कुणाची, सर्व्हरची की सूर्याची, एवढं विचारायला जागा राहते.

एका मुद्द्यावर मात्र जावयांनी मला गप्प केलं. ते म्हणाले, "अधिक महिना पुढच्या पाचशे वर्षांचा आज काढता येतो. लीप सेकंद काढता येत नाही. पॅरिसचं पत्रक येतं तेव्हा कळतं, ते सहा महिने आधी." हे खरं आहे. चंद्र-सूर्य गणिताप्रमाणे चालतात, पृथ्वी मनाप्रमाणे फिरते. तिच्या पोटातला वितळलेला गाभा, समुद्र, वारे, सगळे तिला ढकलत असतात. 2020 च्या सुमारापासून तर तिने कमालच केली, हळू होण्याऐवजी जलद फिरू लागली. 5 जुलै 2024 चा दिवस 86,400 सेकंदांना दीड मिलिसेकंदाहून जास्त कमी पडला. असंच चाललं तर सेकंद घालायचा सोडून काढावा लागेल. 2024 च्या मार्चमध्ये डंकन ॲग्न्यू या भूभौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मांडलं की ती वेळ 2026 मध्येच आली असती, पण ध्रुवांवरचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे सरकतं आहे, त्याने पृथ्वीला थोडा आवर बसला आणि वेळ 2029 वर गेली. मंगळागौरीला फुगडी घातलेल्या कुठल्याही बाईला हे समजावावं लागणार नाही. जवळ ओढून घेतलं की गरगर, लांब झालं की वेग उतरतो.

सेकंद काढायचा प्रसंग जगात एकदाही आलेला नाही, म्हणून तुमच्या लोकांना घाम फुटला आहे, असं दिसतं. 58 नंतर 59 गाळून थेट शून्य. जावई म्हणाले, "याचं टेस्टिंगच कुणी केलेलं नाही." मी म्हटलं, आमच्याकडे झालंय. त्याला क्षयमास म्हणतात. एकाच चांद्र महिन्यात सूर्याने दोन राशी बदलल्या की एक महिना गळतो. 1963-64 मध्ये गळला होता, 1982-83 मध्ये गळला, आता 2123-24 मध्ये गळेल. मधली अंतरं बघा: 19 वर्षं आणि 141 वर्षं. भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणीत हेच दोन आकडे श्लोकात घालून ठेवले आहेत, 'कुवेदेन्दुवर्षैः क्वचिद् गोकुभिश्च', प्रायः 141 वर्षांनी, कधी 19. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा. पाटणादेवीला सहलीची बस नेली की मी मुलांना तो श्लोक म्हणून दाखवायची. मुलं धबधबा शोधायची.

यंत्र ऐन वेळी दगा देतं, हेही त्यांना ठाऊक होतं म्हणतात. त्यांच्या लेकीच्या, लीलावतीच्या, लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र पाण्यात सोडलं होतं. ती वाकून बघायला गेली आणि नथीतला मोती त्याच्या भोकात अडकला. पाणी आत येईना, घटका भरेना, मुहूर्त टळला. कथाच ती, पण हार्डवेअरच्या बिघाडाचं इतकं नेटकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. घटकेची पळं साठ, पळाची विपळं साठ. त्या हिशोबाने तास अडीच घटकांचा, मिनिट अडीच पळांचं आणि तुम्ही बंद करताय तो सेकंद अडीच विपळांचा. एवढ्याचंच भांडण आहे.

ठराव मागे घ्या असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये ठरवून केलेल्या गोष्टी मागे घेतात, हे 1793 च्या दहा तासांच्या दिवसावरून माहीत आहे. तो दीड-दोन वर्षांत गुंडाळला होता. तेवढी अपेक्षा नाही. 2035 पर्यंत पृथ्वीने मागितला तर मात्र तिला तिचा सेकंद द्या, खळखळ करू नका, आणि काढायची वेळ आली तर घाबरू नका. पुढे जेव्हा साचून साचून मिनिट होईल, आणि आजच्या अंदाजाने त्याला 50 ते 100 वर्षं लागतील, तेव्हा ते मिनिट गुपचूप तुपासारखं पसरून टाकू नका. त्याला एखादं नाव द्या. आमची नात तेव्हा म्हातारी असेल. मिनिटभर जास्त मिळालं तर काय करशील, असं तिला आत्ताच विचारून ठेवलं आहे. झोपेन म्हणाली. तिला पहाटे साडेपाचला उठवायचं नसेल, तर वेळ भारताला सोयीची धरावी ही एक जादा विनंती.

शेवटचा सेकंद जाहीर करायचा झाला, तर त्याच्या वाणाची जबाबदारी मी घेते. सेकंद एक, तर अनारसाही एक. जावयांशी त्यावर बोलणी चालू आहेत, ते 33 वर अडून आहेत. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. मग वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. पॅरिसचं पत्रक सहा महिने आधी येतं, तेवढा अवधी पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सासू, डोंबिवली

ता. क. पत्र पूर्ण केलं तेव्हा आमच्या हॉलमधल्या घड्याळात रात्रीचे 10 वाजून 10 मिनिटं झाली होती. म्हणजे भारतीय वेळ 10, तुमची समन्वित वेळ दुपारी साडेचार आणि जुनी मुंबईची वेळ 9 वाजून 21 मिनिटं. उत्तर पाठवाल त्यावर यांतली कुठलीही घातलीत तरी चालेल, आम्ही वजाबाकी करून घेऊ.